सव्वाअडतीस अंश

अचूकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, ऑफिसातल्या लोकांनी चेष्टेने ठेवलेलं. पण या गृहस्थांना ते इतकं आवडलं की पुढे पुढे फोन उचलून स्वतःच "अचूकराव बोलतोय" म्हणायला लागले. आता बोला! कुणी सहज वेळ विचारली तर हे "अकरा वाजून सात मिनिटं" सांगणार. घरातला पंखा डुगडुगायला लागला तर स्टुलावर चढून, पट्टी लावून, किती डुगडुगतो ते मोजणार, वहीत टिपणार आणि खाली उतरणार. पंखा दुरुस्त करायला शेवटी बायकोचा धाकटा भाऊ यायचा.

हा धाकटा भाऊ, म्हणजे अचूकरावांचा मेहुणा, त्यांच्याच कंपनीत होता. कंपनी इस्पितळांसाठी मोठाली मशीनं बनवायची. रोग्यांचे एक्स-रे, स्कॅन वगैरे सगळं त्यांत साठवून ठेवायचं. अचूकराव चौथ्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसून प्रोग्रॅम लिहीत. मेहुणा इस्पितळांत जाऊन मशीनं बसवायचा, उघडायचा, पुसायचा, पंखे बदलायचा. "मी शब्द टाकला म्हणून चिकटला," हे अचूकराव घरी आलेल्या प्रत्येकाला सांगत, मेहुणा समोर असला तर जरा मोठ्यानेच. त्याच्या माघारी त्याला 'आमचे पानेवाले' म्हणत. हा माणूस सतरा वर्षं स्क्रू पिळतोय आणि जन्मभर तेच करणार, असं त्यांचं ठाम मत. मेहुणा ऐकून घ्यायचा. बहिणीचा नवरा पडला, बोलणार काय?

आणि अचूकराव स्वतः असं कोणतं आभाळ पेलत होते? ऐका तर. संगणकात मेमरीची पट्टी असते, तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एक सेन्सर असतो. पट्टी किती तापली आहे ते तो मोजतो. पण त्याने मोजलेलं मशीनच्या सिस्टीमला कळायला मधे एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दर दोन सेकंदांनी सेन्सरला विचारायचं, "बाबा रे, किती?" आणि तो म्हणेल तो आकडा वर पोचवायचा. त्या आकड्यावरून सिस्टीम पंखे हळू फिरवायचे की जोरात ते ठरवते. बस, एवढंच. निरोप्याचं काम! हा ड्रायव्हर अचूकरावांनी नऊ वर्षांपूर्वी लिहिला आणि एखाद्या राजपुत्रासारखा वाढवला. कुठल्या समारंभात कुणी तावडीत सापडलं, की आपला ड्रायव्हर पाव अंशाचाही फरक कसा टिपतो, हे त्याला अर्धा तास ऐकावं लागे. ऐकणाऱ्याचं जेवण तोवर निवून जायचं.

त्या ऑफिसात एक पद्धत होती, आणि सगळी गोम तिथेच आहे. रोज सकाळी दहाला बैठक. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रत्येकाच्या कामाचा एक चौकोन. चाचणीच्या मशीनवर काम नीट चाललं असेल तर चौकोन हिरवा, कुठे काही अडलं तर तांबडा. आणि ज्याचा चौकोन तांबडा, त्याने बैठक संपेपर्यंत उभं राहायचं. केस पिकलेली, घरी पोरांवर डोळे वटारणारी माणसं तिथे शाळेतल्यासारखी उभी राहायची. ही अक्कल साहेबांची. बिघाड का झाला याच्याशी साहेबांना काडीचं कर्तव्य नव्हतं, त्यांना भिंत हिरवी हवी. भिंत पूर्ण हिरवी झाली की ते तिचा फोटो काढून वरच्यांना पाठवत. वरचे शाबासकीचा अंगठा पाठवत. अशी ती कंपनी चालली होती, आणि बरी चालली होती.

आता सेन्सर कधीमधी उत्तर देत नसे. दोनच तारांवरून मशीनमधल्या सगळ्या सेन्सरांचं बोलणं चालायचं. तारांवर गर्दी झाली की सेन्सर गप्प, ड्रायव्हर म्हणणार 'उत्तर नाही', आणि चौकोन तांबडा. लागोपाठ तीन दिवस अचूकराव उभे राहिले. तिसऱ्या दिवशी कामाला नव्याने लागलेल्या एका बाईंनी, यांचं वय पाहून, खुर्ची पुढे केली. मेल्याहून मेल्यासारखं झालं! त्याच दुपारी त्यांनी ड्रायव्हरमध्ये चार ओळी घुसडल्या: सेन्सर बोलला नाही तर त्याने मागे सांगितलेला आकडाच पुन्हा सांगायचा. एखाद-दुसऱ्या सेकंदाचा तर प्रश्न, तेवढ्यात पट्टी काय पेट घेणार आहे? पण हे किती वेळा करायचं, कुठे थांबायचं, ते काही त्यांनी लिहिलं नाही. पाव अंश टिपणाऱ्या माणसाने लिहिलं नाही! चौकोन हिरवा झाला आणि पुढे सात वर्षं हिरवा राहिला. साहेबांनी भर बैठकीत त्यांचं कौतुक केलं, तेव्हा हे मान खाली घालून लाजले.

यंदा कंपनीने मेमरीच्या पट्ट्या दुसऱ्या कारखान्याकडून घेतल्या. या पट्ट्यांवरचा सेन्सर एकदा गप्प झाला की मशीन बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत तोंड उघडत नसे. हे आधी कुणाच्या लक्षात आलं? काचेच्या खोलीतल्या एकाही शहाण्याच्या नाही. मेहुण्याच्या. एका इस्पितळात मशीन उघडलं आणि त्याच्या बोटाला चटका बसला. त्याने तिथूनच तक्रार लिहिली: "मेमरी हाताला पोळते. पडद्यावर सदतीस अंश दिसतात. कृपया तपासावे." तक्रार अचूकरावांकडे आली. खालचं नाव पाहून ते हसले आणि त्यांनी उत्तर लिहिलं, "तापमान मोजायला सेन्सर असतो, बोट नव्हे." तक्रार बंद. वर ते उत्तर त्यांनी आजूबाजूच्या टेबलांवर वाचूनही दाखवलं. सगळे हसले.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका इस्पितळातलं मशीन भर दुपारी बसलं. चार पट्ट्या खलास, आणि त्या दिवशीचे बावन्न रोग्यांचे स्कॅन गेले. सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागलं. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंना नळ्यांसकट, स्ट्रेचरवरून, दुसऱ्यांदा आणलं. इस्पितळाने कंपनीला फैलावर घेतलं, कंपनीने चौकशी समिती नेमली, आणि समितीने तासाभरात शोध लावला. मशीनच्या नोंदीत मेमरी शेवटच्या क्षणापर्यंत सव्वाअडतीस अंशांवर होती, म्हणजे थंडगार. म्हणजे उष्णतेने काही झालं नाही. मग या पट्ट्या बसवल्या कुणी? मेहुण्याने, तीन आठवड्यांपूर्वी. मेमरी हाताळताना मनगटाला एक पट्टा बांधायचा असतो, नाहीतर अंगातल्या स्थिर विजेने ती आतून दुखावते आणि पुढे कधीतरी दगा देते. पट्टा बांधला नसणार!

"बांधला होता," मेहुणा म्हणाला.

"साक्षीदार?"

कुलूपबंद खोलीत माणूस एकटा काम करतो, साक्षीदार काय खिशातून काढणार? समितीला खापर फोडायला डोकं हवं होतं, ते मिळालं. पुढच्या गुरुवारी बैठक ठरली. तिच्यात त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं त्याचा निकाल. मेहुण्याची दोन पोरं शाळेत जात होती, आणि घरात मिळवणारा तो एकटा.

बैठकीच्या आठ दिवस आधी, गुरुवारीच, त्या नोंदी अचूकरावांच्या टेबलावर आल्या. 'आकडे बरोबर आहेत' म्हणून सही करून द्यायची होती. त्यांनी पेन काढलं, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि हात तिथेच थांबला. सव्वाअडतीस. सव्वाअडतीस. सव्वाअडतीस. अकरा दिवस, रात्रंदिवस, दर दोन सेकंदांनी सव्वाअडतीस! जिवंत सेन्सर असा बोलत नाही. खोलीचं दार उघडलं तरी पाव अंश खालीवर होतो, हे लोकांना अर्धा-अर्धा तास कुणी ऐकवलं होतं? सेन्सर त्या अकरा दिवसांच्या सुरुवातीलाच गप्प झाला होता. अकरा दिवस त्यांचा लाडका ड्रायव्हर शिळा आकडा वाढून देत होता, पंखे निवांत फिरत होते आणि मेमरी भाजत होती.

तरी खात्री करायला नको? शनिवारी सुट्टीच्या दिवशी ते बायकोचं केस वाळवायचं यंत्र पिशवीत घालून ऑफिसात गेले. चाचणीच्या मशीनवर नवी पट्टी बसवली, सेन्सर गप्प होईपर्यंत थांबले आणि मग तिच्यावर गरम हवा सोडली. बाजूला साधा काट्याचा तापमापक धरला होता. काटा ऐंशीच्या पुढे गेला. पडद्यावर छत्तीस. जागचा हलला नाही. रिकाम्या ऑफिसात हा माणूस पंधरा मिनिटं ते यंत्र हातात धरून बसून राहिला. भिंतीवरचा चौकोन हिरवागार होता.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? सोमवारी साहेबांच्या दारावर टकटक केली असती, "चूक माझी आहे, त्या बिचाऱ्याला सोडा," म्हटलं असतं. दोन मिनिटांचं काम. पण अचूकरावांना ते ढोबळ वाटलं. त्यांनी अहवाल लिहायला घेतला. चौदा पानं, सहा आलेख, वर मुखपृष्ठ. गुरुवारच्या बैठकीत तो मांडायचा, असं त्यांनी ठरवलं आणि ठरवल्याबरोबर त्यांना इतकं मोकळं वाटलं, जणू सांगूनच झालं. माणूस स्वतःला किती स्वस्तात माफ करतो पाहा!

मधे रविवार आला. ताईने भावाला जेवायला बोलावलं होतं. त्याचा चेहरा उतरलेला, घास हातातच. ताई म्हणजे अचूकरावांची बायको, शाळेत गणित शिकवायची, बाई शिस्तीची. तिला भावाची काळजी वाटत होती आणि त्याचा रागही येत होता. अशा वेळी गप्प जेवावं की नाही? पण सवयीचा माणूस. अचूकरावांनी घसा खाकरला.

"कसं असतं," ते म्हणाले, "कामात हयगय चालत नाही. पट्टा बांधायला दहा सेकंद लागतात. पण आपल्याकडे लोकांना वाटतं, चालतंय."

"बांधला होता, भावोजी."

"असेल. मी आपलं एकंदरीत बोलतोय."

एकंदरीत बोलतोय म्हणे! आपल्या पोटात काय आहे ते ठाऊक असून हा गृहस्थ पंधरा मिनिटं एकंदरीत बोलला. ताईसुद्धा भावाला म्हणाली, "जरा नीट वागत जा रे." मेहुण्याने मान डोलावली आणि ताट उचलून हात धुवायला गेला.

गुरुवार उजाडला. अचूकराव इस्त्रीचा शर्ट घालून, चौदा पानं बॅगेत घेऊन समितीपुढे बसले. आधी कोण बोलतं याची वाट पाहत होते. तेवढ्यात साहेबांनी हसत एक कागद टेबलावर सरकवला.

"बैठक लवकर आटपेल," साहेब म्हणाले. "त्याने कालच लिहून दिलंय. पट्टा बांधायचा राहिला होता म्हणून. प्रश्न मिटला."

मेहुण्याचं अक्षर अचूकरावांनी ओळखलं. सरळ, टपोरं, खाली सही. हे खोटं आहे, हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं. हात बॅगेच्या चेनवर गेला.

"म्हणजे अचूकराव, तुमचा सेन्सर बरोबर होता तर," साहेब म्हणाले.

"हं," अचूकराव म्हणाले.

एवढंच. नऊ वर्षांत त्या ऑफिसात यांच्याइतकं कुणी बोललं नसेल, आणि त्या दिवशी काय निघालं तर 'हं'. चेन बंदच राहिली. बाहेर येईपर्यंत त्यांना कारणं सुचायलाही लागली होती. त्याने स्वतःच कबूल केलंय, आता आपण बोलून तो खोटा ठरेल. ड्रायव्हर तर आपण दुरुस्त करणारच आहोत. नोकरी गेली तरी त्याच्या हाताला कसब आहे, लागेल कुठेही. शुक्रवारी त्यांनी त्या चार ओळी काढून टाकल्या. सेन्सर गप्प असेल तर 'उत्तर नाही' असं स्वच्छ सांगायचं आणि पंखे पूर्ण जोरात सोडायचे, अशी सोय केली. त्याच दिवशी नवी आवृत्ती सगळ्या इस्पितळांना गेली. सोबतच्या टिपणात बदलाचं वर्णन लिहावं लागतं, तिथे त्यांनी लिहिलं: "किरकोळ सुधारणा." निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते, पण असो.

रविवारी सकाळी मेहुणा घरी आला. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, म्हणून ताईने बोलावलं होतं. नोकरी जाऊन तिसरा दिवस, तरी आला. तो ओट्याखाली आडवा पडून पाना चालवत होता, अचूकराव दाराशी उभे होते. ताई मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती.

"भावोजी," ओट्याखालून आवाज आला, "ते दुरुस्त केलंत ना?"

"काय?"

"मेमरीचा आकडा. अजून एकोणीस इस्पितळांत ती मशीनं चालू आहेत. आठ ठिकाणी मी स्वतः पाहिलंय. प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा, पण तासभर बघत बसा, ढिम्म हलत नाही. असं असतं का कुठे?"

अचूकराव दारातून पुढे आले. "तुला माहीत होतं?"

"स्क्रू पिळतो म्हणून काय झालं, डोळे आहेत की मला."

"मग तसं लिहून का दिलंस?"

मेहुण्याने नळाचा आटा घट्ट केला. "भांडलो असतो तर ती जुनी तक्रार बाहेर काढावी लागली असती," तो म्हणाला. "आणि तिच्याखाली तुमचं उत्तर. निवृत्तीला तुमची तीन वर्षं राहिलीत, या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण उभं करणार? ताईचं घर आहे हे. माझं मी बघेन. पण ते दुरुस्त करा बरं का. तिथे माणसं पडलेली असतात."

"केलं," अचूकराव म्हणाले. "शुक्रवारी."

"मग झालं."

"शुक्रवारी काय केलंत?" ताई रिकामी बादली घेऊन मागच्या दारात उभी होती.

"काही नाही ग ताई," मेहुणा घाईघाईने ओट्याखालून बाहेर आला. "ऑफिसचं."

"तुला ऑफिस राहिलंय कुठे? मी यांना विचारतेय."

अचूकरावांनी मेहुण्याकडे पाहिलं. तो डोळ्यांनी 'नको' म्हणत होता. आत्तासुद्धा, हात काळे झालेले, नोकरी गेलेली, आणि 'नको' म्हणत होता. आणि अचूकरावांना, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःची खरोखर किळस आली.

"चूक माझ्या ड्रायव्हरची होती," ते म्हणाले. "याने काही केलं नव्हतं. पट्टा बांधला होता त्याने." चौदा पानांत जे मावलं नव्हतं ते तीन वाक्यांत झालं.

ताईचा चेहरा हलला नाही. "तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"या गुरुवारी?"

"त्याच्या आधीच्या."

"म्हणजे दहा दिवस झाले." ती हळूहळू बोलत होती. "म्हणजे गेल्या रविवारी इथे जेवायला बसून तुम्ही याला हयगयीवर ऐकवत होतात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

तिने भावाकडे पाहिलं.

"आणि मीही त्याला म्हटलं, नीट वागत जा म्हणून. माझ्या पाठच्या भावाला. तुमच्या शब्दावर."

"ताई, जाऊ दे ना," मेहुणा म्हणाला.

"तू गप रे." तिने बादली खाली ठेवली आणि ओले हात पदराला पुसले. "किती वाजता असते तुमची ती बैठक?"

"दहाला. पण मी सांगतो ना. उद्या पहिलं तेच सांगतो, सगळ्यांसमोर. शपथ."

"सांगा," ताई म्हणाली. "मी शाळेला रजा टाकतेय. मीही येणार."

"अगं, मी सांगतो म्हटलं ना! तू कशाला?"

"तुम्ही सांगाल हो," ती म्हणाली. "मी तरी येते."